पंचवीस वाजून तीस मिनिटं

आमच्या टीमच्या कामाच्या नोंदी मी अधूनमधून नुसत्याच वाचत बसते. काही शोधायचं नसतं, कुणाची चूक धरायची नसते. जगभरचे प्रोग्रामर आज गिट नावाची जी व्यवस्था वापरतात, तिच्यात प्रत्येक बदलाशेजारी तो करणाऱ्याचं नाव आणि वेळ उमटते, आणि वेळेच्या शेवटी एक छोटा आकडा असतो. माझ्या नोंदीपुढे अधिक ०५३०. नैरोबीच्या मैत्रिणीपुढे अधिक ०३००. पोर्टलंडचा सहकारी उन्हाळ्यात उणे ०७००, थंडीत उणे ०८००. लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्सच्या कामासाठी, आणि ते काम तेव्हाही कुठल्या एका इमारतीत चालत नव्हतं. देशोदेशीची माणसं आपापल्या जागेवरून आपला तुकडा ई-मेलनं पाठवत होती. नोंदींचा क्रम लावायला यंत्राला सेकंदांचा सरळ आकडा पुरतो. तरीही त्या आकड्याशेजारी प्रत्येक माणसाचं स्वतःचं घड्याळ जपून ठेवलेलं असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

त्या घड्याळांतून माणसं दिसतात. लिस्बनचा एक जण पहाटे साडेपाचला दोन-तीन बदल करतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम दुपार. त्या मधल्या मोकळ्या जागेत त्याची मुलगी उठते, दूध पिते, शाळेत जाते. मेलबर्नच्या सहकारिणीचा बुधवार कोरा असतो. बुधवारी ती वडिलांजवळ असते. त्यांना आता फारसं काही आठवत नाही. हे तिनं आपणहून सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बुधवार तिचा आहे, एवढं आम्हाला पुरतं.

आमचं काम बसच्या वेळापत्रकांचं आहे. थांब्यावर उभं राहून फोनमध्ये ‘बस किती वाजता’ असं पाहिलं की मागे बहुतेक ठिकाणी जीटीएफएस नावाची एक मांडणी असते. तिची सुरुवात पोर्टलंडमध्येच झाली, २००५ च्या सुमारास, तिथली ट्रायमेट ही सार्वजनिक वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या एकत्र कामातून. साधे तक्ते आहेत : थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. पण त्यात एक नियम असा आहे की पहिल्यांदा वाचणारा हमखास थबकतो. रात्री उशिरा सुटलेली बस मध्यरात्रीनंतर दीड वाजता शेवटच्या थांब्याला पोचत असेल तर तक्त्यात १:३० लिहायचं नाही, २५:३० लिहायचं. कारण ती फेरी कालची आहे. तारीख उलटली म्हणून ड्रायव्हरचा दिवस उलटत नाही. गाडी डेपोत लागेपर्यंत त्याचा कालचाच दिवस चालू असतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. हा नियम अण्णांना एका वाक्यात कळला असता. त्यांच्या नोकरीचा मोठा भाग मुक्कामी गाड्यांवर गेला. संध्याकाळी स्टँडवरून सुटायचं, डोंगरातल्या शेवटच्या गावी रात्री पोचायचं, गाडी देवळापुढे लावायची, डबा खाऊन गाडीतच नाहीतर देवळाच्या ओवरीत अंग टाकायचं, आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, शाळेची पोरं, तालुक्याला दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं घेऊन खाली आणायची. डेपोत कॅश भरून ते घरी येत तेव्हा आमचा सकाळचा चहा झालेला असे आणि त्यांचा आदला दिवस संपत असे. आई दारं लोटून घेई. रेडिओ बंद. आम्ही भावंडं खुणांनी बोलायचो. दुपारच्या भर उन्हात आमच्या घरात रात्र असायची.

‘आज अण्णांची ड्यूटी कुठली?’ हा आमच्या घरचा पहिला प्रश्न होता. सगळं त्यावर ठरे : भाजी किती, पाहुण्यांना कधी बोलवायचं, माझ्या प्रगतिपुस्तकावरची सही कुणाची. आषाढीला जादा गाड्या सुटत, म्हणजे अण्णा पंढरपुरात असत, आणि पंढरपुरात म्हणजे स्टँडवरच असत. वारकऱ्यांना चढवत-उतरवत त्यांची एकादशी जाई. त्यांची वेळ इतकी वाकायची की आज मी जिला लवचीक म्हणते तिच्याहून ती दिसायला जास्तच लवचीक होती. फक्त ती वाकवणारा हात त्यांचा नव्हता.

माझी पहिली नोकरी हिंजवडीत. तिथे उलट सगळं ताठ. दारात स्वाइप, जेवायला जाताना स्वाइप, महिनाअखेर तासांची बेरीज, आणि बेरीज कमी भरली की अर्धी रजा कापलेली. वाकडच्या पुलावर कॅब अडकली की आत बसलेले आम्ही सगळे मनातल्या मनात मिनिटं वजा करत असू. आणि एवढं मोजून झाल्यावर रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल असे, तो मात्र कुठल्याच बेरजेत नसे. दिवस इथल्या घड्याळानं मोजला जाई आणि रात्र तिथल्या घड्याळानं घेतली जाई. त्या वर्षांत मी दुपारचे चार वाजलेले कधी पाहिले नाहीत. काचेच्या इमारतीत सकाळी अकरा आणि दुपारी चार यांचा उजेड सारखाच पांढरा असतो.

आता मी वाईला राहते, आणि दुपारचे चार माझे आहेत.

माझं काम दिवसाच्या दोन टोकांना असतं. पहाटे साडेपाचला बसते ती साडेनऊपर्यंत. मेलबर्नची सकाळ तेव्हा दुपारकडे झुकत असते आणि पोर्टलंडचा आदला दिवस संपत आलेला असतो, दोघांच्याही हातातलं काम घेता येतं. मग संध्याकाळी पाच ते साडेआठ, लिस्बन आणि नैरोबीसोबत. मधला सगळा वेळ मोकळा. ऑक्टोबरात चार वाजता पांडवगडाच्या कड्यावर ऊन तिरपं पडतं आणि कड्याच्या घड्या एकेक करून उघड्या पडतात. साडेचारला त्या दिसत नाहीत. कृष्णेच्या घाटावर धुणं वाळलेलं असतं, ते गोळा करायला बायका येतात. ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर शाळा सुटलेली पोरं दप्तरं टाकून पाण्याकडे बघत बसतात. थंडी सरता सरता गावाबाहेर हळद शिजवायला लागतात. तो ओलसर, मातकट, गरम वास दुपारीच सर्वांत दाट असतो, आणि ज्याला दुपार मिळत नाही त्याला तो नीट कळत नाही. पसरणी घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचा आवाज वाऱ्याप्रमाणे कमी-जास्त होतो. या सगळ्याचा माझ्या कामाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, हाच तर संबंध आहे. मोठ्या गुंत्याची उत्तरं मला टेबलाशी बसून फार थोडी सापडली आहेत. ती चालताना सापडतात, भाजी निवडताना सापडतात, आणि पाच वाजता बसते तेव्हा फक्त लिहून काढायची उरतात.

वाईत राहताना आणखी एक गोष्ट माझ्या मनात सतत असते. याच गावात मराठी विश्वकोश झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळानं हाती घेतलेलं काम, आणि पहिला खंड बाहेर पडला १९७६ मध्ये. नोंदी लिहिणारे अभ्यासक ठिकठिकाणचे. भौतिकीवाला एका गावात, संगीतावाला दुसऱ्या, शेतीतला तिसऱ्या. त्यांच्या नोंदी इथे यायच्या, इथे बसलेली संपादक मंडळी त्या तपासायची, जुळवायची, शंका काढायची. मी जिला विखुरलेली टीम म्हणते ती या गावानं माझ्या जन्माच्या आधी चालवून दाखवली आहे, आणि तीही टपालावर. मला त्या शंकांच्या पत्रांबद्दल फार कुतूहल वाटतं. नागपूरच्या एखाद्या प्राध्यापकाला शंका विचारायची, तर ती अशी विचारायला हवी की एका पत्रात तिचं निरसन व्हावं. ‘तुमच्या नोंदीत काहीतरी चुकलंय, पाहाल का?’ एवढंच लिहून चालणार नाही. कुठलं पान, कुठली ओळ, आमच्या मते काय असावं, का असावं. पत्र टाकलं की मग थांबायचं. थांबण्याच्या काळात दुसरी नोंद हातात घ्यायची. प्राध्यापक या क्षणी जागा आहे की नाही, टेबलाशी आहे की नाही, याच्याशी वाईतल्या माणसाला काही देणंघेणं नव्हतं.

हे थांबणंच आमच्याकडून मधल्या काळात सुटलं. मेसेज गेला की दोन खुणा, दोन खुणा निळ्या झाल्या की उत्तर यायलाच हवं, नावाशेजारी हिरवा ठिपका दिसतो म्हणजे माणूस आपलाच आहे, असं वाटायला लागलं. कामाची वेळ कितीही लवचीक करा. उत्तराची घाई तशीच ठेवली तर त्या लवचीकपणाचा अर्थ एवढाच उरतो की माणसाला चोवीस तासांत केव्हाही हाक मारता येते. अण्णांच्या ड्यूटीसारखं होतं ते, आणि त्यांना निदान हजेरी तरी लागत होती.

म्हणून आमच्या टीममध्ये प्रश्न लिहिण्याला फार मान आहे. नवीन माणसाला सर्वांत आधी तेच शिकवलं जातं. समजा, एखाद्या शहराच्या वेळापत्रकातली रात्रीची शेवटची फेरी फोनमध्ये दिसतच नाही. मी वाईहून संध्याकाळी लिहिलं, ‘ती शेवटची फेरी गायब आहे, बघतोस का?’ तर पोर्टलंडचा उठून वाचणार, विचारणार, ‘कुठली?’ मी झोपलेली असणार. एक अख्खा दिवस पृथ्वी फिरली आणि काम तसूभर हललं नाही. त्याऐवजी लिहायचं : अमुक शहर, अमुक तारीख, तक्त्यातली अमुक ओळ, तिथे २५:१० ऐवजी १:१० आलेलं दिसतं, मला वाटतं माहिती आत घेतानाच मध्यरात्रीचा हिशेब चुकतो, पण दुसरी शक्यता अशी अशी आहे, पहिली खरी असेल तर मी हा बदल करते, दुसरी असेल तर तो, तू फक्त कुठली ते सांग. कुठलंही उत्तर आलं तरी सकाळी उठून मी पुढे जाऊ शकेन, असा प्रश्न. तो लिहायला अर्धा तास लागतो. पुष्कळदा लिहिता लिहिता आपलं उत्तर आपल्यालाच सापडतं. नाही सापडलं तरी त्या अर्ध्या तासात आपण समोरच्याच्या सकाळचा विचार केलेला असतो, आणि तो वाचणाऱ्याला जाणवतो. इतक्या वर्षांत ज्यांना मी एकदाही प्रत्यक्ष भेटले नाही, त्यांचा स्वभाव मला त्यांच्या प्रश्नांवरून ठाऊक आहे.

सगळ्यांनी एकत्र बसावं असं मात्र वाटतंच. महिन्यातून एकदा आम्ही बसतो, आणि तिथे भूगोल आडवा येतो. जून महिना धरा. वाईत संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा नैरोबीत चार, लिस्बनमध्ये दुपारचे दोन, पोर्टलंडमध्ये सकाळचे सहा आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे अकरा. कितीही सरकवा, एक कुणीतरी अंधारात राहणारच. मेलबर्नसाठी सकाळचे सात धरले तर माझे रात्रीचे अडीच होतात. सगळ्यांना सोयीची वेळ गोल पृथ्वीवर नाहीच. आधी आम्ही ती ‘बहुतेकांना सोयीची’ शोधत होतो, म्हणजे दर महिन्याला मेलबर्नच जागत होतं. ती कधी तक्रार करत नव्हती. तक्रार न करणाऱ्याच्या वाट्याला गैरसोय येते तशी ती तिच्या वाट्याला आली होती. आता गैरसोयीची पाळी फिरते. जागणं एकेकाच्या वाट्याला एकेक महिना. माझ्या पाळीच्या रात्री मी अडीचला दिवा लावते तेव्हा मला जराही राग येत नाही, कारण मागच्या महिन्यात याच वेळेच्या अंधारात दुसरं कुणीतरी माझ्यासाठी बसलेलं होतं.

मार्चमध्ये यात आणखी एक गोंधळ शिरतो. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, आणि मेलबर्नची एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. तीन-चार आठवडे आमची वेळापत्रकं डळमळत असतात. वाई आणि नैरोबी मात्र जागच्या जागी. नैरोबीची मैत्रीण आणि मी त्या दिवसांत एकमेकींना आवर्जून फोन करतो.

भारताच्या घड्याळातला तो अर्धा तास परदेशी सहकाऱ्यांना नेहमी चकवतो, आणि मग मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगते. १ जानेवारी १९०६ रोजी मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून सगळ्या हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली, आणि मुंबईनं ती नाकारली. मुंबईचा सूर्य त्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे होता. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी शहरावर रेल्वेची मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला होता आणि विरोधामुळे दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला होता. १९०६ मध्ये गिरणी कामगार चिडले, दगडफेक झाली. त्यांच्या दृष्टीनं नवं घड्याळ म्हणजे सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी भोंगा. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेनं चालल्या, महापालिकेची घड्याळं दुसऱ्या. मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकला. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहरात दोन दुपारी होत होत्या. आसामच्या चहामळ्यांत आजही घड्याळ तासभर पुढे ठेवून काम चालतं, त्याला बागान टाइम म्हणतात. सूर्य लवकर उगवतो तिथे लवकर कामाला लागावं, इतकी ती साधी गोष्ट आहे.

पण मुंबईच्या त्या गिरण्यांची आठवण मला आणखी एका कारणानं अस्वस्थ करते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुटी होती, दुपारी अर्धा तास विसावा होता, आणि कामाची वेळ होती : सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्त! म्हणजे त्याआधी तीही हद्द पाळली जात नव्हती. रविवार मिळायला १८९० उजाडलं. सत्यशोधक लोखंडे ‘दीनबंधू’ चालवत, सभा घेत, निवेदनांवर निवेदनं देत, तेव्हा कुठे आठवड्यातला एक दिवस माणसांच्या हाती लागला. आम्ही घरबसल्या ‘आमच्याकडे वेळेचं बंधन नाही’ असं कौतुकानं सांगतो, तेव्हा ते बंधन कुणी, कशासाठी, किती कष्टानं घालून घेतलं होतं हे विसरतो. आणि आमच्या कामाला तर सूर्यास्तच नाही. पाच शहरांपैकी कुठेतरी दिवस असतोच. गिरणीचा भोंगा मालकाच्या हातात होता, पण तो एकदा सुटीचा वाजला की यंत्रं थांबत. आमच्यात सूर्यास्त कुणीतरी मुद्दाम करावा लागतो. मेलबर्नसाठी आम्ही करायचा, माझ्यासाठी त्यांनी करायचा. एकट्यानं स्वतःपुरता तो करता येत नाही, कारण बाकीचे जागे असतात.

बाईला तर तो घरातही करून घ्यावा लागतो. याबद्दल मला स्पष्टच बोलायचं आहे, कारण लवचीक वेळेचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे सहसा येत नाही. ‘अगं, तू घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघ.’ ‘आज पुरण घालायचंय, तुझं काय, तू नंतरही करू शकतेस.’ सासूबाईंच्या बोलण्यात वाईट काही नसतं. त्यांच्या आयुष्यात घरातली बाई दारं लावून तीन तास बसलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. माझी दुपार मोकळी आहे, ही बातमी गल्लीभर पोचली आणि बँकेतली कामं, शेजारच्या काकूंच्या डोळ्यांचे डॉक्टर, भाच्याचं प्रोजेक्ट, सगळं त्या दुपारीत येऊन बसलं. ख्रिस्टेल केमरर या जर्मन अर्थतज्ज्ञ बाईंनी साठच्या दशकात लवचीक वेळेची कल्पना मांडली, त्यामागे घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांना नोकरीत येता यावं हा विचार होता. म्युनिकजवळच्या ओटोब्रुनमधल्या एका विमान-कंपनीनं ती १९६७ मध्ये अमलात आणली. बायका नोकरीत आल्या. संसाराची वाटणी मात्र बदलली नाही, आणि नोकरीची वेळ वाकते म्हटल्यावर ती संसाराभोवतीच वाकवली गेली. माझ्या नवऱ्याचीही वेळ लवचीक आहे. त्याला गॅसवाल्याबद्दल कुणी विचारत नसे. हे आम्ही दोघं बसून बोललो, भांडलोही, आणि आता दाराशी एक कागद लावलेला आहे : कुणाचे कुठले तास बंद. सासूबाईच तो सगळ्यात कडकपणे पाळतात. परवा त्यांनी माझ्या नणंदेला फोनवर सांगितलेलं मी आतून ऐकलं, ‘ती कामावर गेलीये.’ मी पलीकडच्या खोलीत होते.

कायदेही येत आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून, पोर्तुगालमध्ये २०२१ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर माणसाला गाठण्यावर काही ना काही मर्यादा आहेत. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. ते व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अण्णा गेले ते पहाटे तीनला. सहाच्या सुमारास मी टीमला दोन ओळी लिहिल्या. मेलबर्नची सकाळ चालू होती. तिचं उत्तर आधी आलं. पोर्टलंडमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. जी तारीख आमच्या घरात आता कायमची झाली, ती तिथे उजाडलीसुद्धा नव्हती. मग दिवस वर आला तशी नैरोबी उठली, दुपारी लिस्बन. घरात माणसांची ये-जा होती, आणि फोनमध्ये सूर्याबरोबर एकेक शहर येत होतं. कुणी विचारलं नाही की तू परत कधी. माझ्या हातातलं काम कुणी घेतलं ते मला नंतर नोंदींवरून कळलं. चौघांनी वाटून घेतलं होतं. लिस्बनच्यानं एका बदलाच्या टिपणात लिहिलं होतं, ‘ही तिची पद्धत आहे, तशीच ठेवली आहे.’ त्या दिवसांत मी अण्णांच्या जुन्या ट्रंकेत त्यांची तिकिटांची पेटी आणि पंच शोधत होते. पेटी सापडली, पंच नाही.

यंदा आमच्यात लातूरचा एक मुलगा आला आहे. हुशार, मनमोकळा, आणि सुरुवातीला कुठल्याही वेळी दोन मिनिटांत उत्तर देणारा. रात्री एकला पोर्टलंडनं काही विचारलं की यानं लगेच लिहिलेलं. सगळ्यांना आधी कौतुक वाटलं, मग काळजी. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, मी नवीन आहे. उत्तर दिलं नाही तर त्यांना वाटेल मी काम करत नाही.’ मी त्याला एवढंच सांगितलं की पोर्टलंडच्यानं तो प्रश्न मुळी उद्यासाठी लिहिला होता, आणि रात्री एकचं उत्तर वाचून तो बिचारा अपराधी वाटून बसला होता. मग विचारलं, इथे येण्याआधी संध्याकाळी काय करायचास? म्हणाला, क्रिकेट. राजस्थान शाळेच्या, नाहीतर कुठल्याही मैदानावर, अंधार पडेपर्यंत.

गेल्या सोमवारी आमच्या सामायिक कॅलेंडरमध्ये त्याच्या नावापुढे रोज साडेचार ते साडेसहा एक चौकट आली. बहुतेक माणसं अशा चौकटीत ‘उपलब्ध नाही’ लिहितात. यानं लिहिलं, ‘क्रिकेट’. मंगळवारी लिस्बनच्या पहाटेनंतरच्या मोकळ्या जागेत ‘मुलगी, शाळा’ असं उमटलं. नैरोबीनं ‘पोहणं’ लिहिलं. मेलबर्ननं बुधवारभर ‘बाबा’. पोर्टलंडच्यानं रात्री दहा ते सकाळी सहा ही चौकट करून त्यात ‘झोप’ लिहिलं आणि ती लातूरच्या मुलालाही पाठवली, दोन्ही शहरांच्या वेळा जुळवून. मी दुपारी तीन ते पाचमध्ये काय लिहावं हे अजून ठरवते आहे. सध्या तिथे ‘घाट’ आहे, आणि लिस्बननं विचारलं आहे की घाट म्हणजे नदीचा की डोंगराचा.